मुलूख आणि पार्श्वभूमी

सात-आठ वर्षांपूर्वी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी लघुप्रबंधाचा विषय घेऊन माझ्याकडे आला होता. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांसाठी जी पुस्तके लिहिली जातात, त्यांतील ‘कॅम्पेन सेटिंग’ या प्रकाराचा त्याला साहित्यप्रकार म्हणून विचार करावयाचा होता. त्याचे दोन पानी टिपण मी वाचले आणि परत करताना म्हटले, “अरे, ही सगळी पार्श्वभूमी झाली. कृती कुठे आहे?” त्यावर तो काही बोलला नाही. पुढे त्याने एका सर्वमान्य कादंबरीकारावर लघुप्रबंध लिहिला आणि त्याला चांगले गुणही मिळाले. ते वाक्य मी ज्या खात्रीने उच्चारले ती खात्री आज माझ्याजवळ नाही. ती कशी गेली, हे येथे सांगावयाचे आहे.

हा प्रकार ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. या खेळात पट अनिवार्य नसतो आणि शेवटी कोणी जिंकतही नाही. चार-पाच जण एकत्र बसतात. प्रत्येक जण एका पात्राच्या वतीने बोलतो, आणि एक जण उरलेले सगळे जग सांभाळतो. पात्र काय करू पाहते ते खेळाडू सांगतो. ते साधले की नाही हे नियम आणि फासे ठरवतात. त्यातून पुढे काय झाले हे जग सांभाळणारा सांगतो. अशा बैठका महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे, चालतात. या मालिकेला ‘कॅम्पेन’ म्हणतात, आणि मालिकेसाठी भूगोल, राज्ये, दैवते, इतिहास आणि माणसे यांच्यासह एक जग पुरवणाऱ्या पुस्तकाला ‘कॅम्पेन सेटिंग’. नियमांचे पुस्तक वेगळे असते आणि एका विशिष्ट प्रसंगमालिकेचे ‘साहस’ही वेगळे असते. दुकानांत मात्र ज्या पुस्तकाला नकाशा जोडलेला आहे ते सेटिंग, असा ढोबळ व्यवहार चालतो. खरी सेटिंग कोणती, हा प्रश्न त्या ढोबळपणातूनच निर्माण होतो.

संज्ञेपाशी क्षणभर थांबू. ‘कॅम्पेन’ हा शब्द या खेळात युद्धखेळांतून आला, आणि त्याला मराठीत ‘मोहीम’ हा चपखल शब्द आहे. अडचण ‘सेटिंग’ची आहे. पार्श्वभूमी, वातावरण, परिसर, नेपथ्य हे आपले समीक्षेतले नेहमीचे शब्द. या साऱ्यांत एक गोष्ट गृहीत असते: पुढे काहीतरी अधिक महत्त्वाचे घडत आहे आणि हे त्याच्या मागे किंवा भोवती आहे. खेळाच्या टेबलावर ‘पुढचे’ काही लिहिलेलेच नसते. मला आता ‘मुलूख’ हा शब्द अधिक योग्य वाटतो. मुलूखगिरीला निघालेल्याला मुलखाच्या शोभेचे प्रयोजन नसते. पाणी कुठे आहे, ठाणे कोणाचे, वसूल कोण घेतो आणि तो न दिल्यास काय होते, हे त्याला हवे असते. मोहिमेचा मुलूख असे म्हटले की निम्मी व्याख्या झालीच.

उरलेली निम्मी मला टेबलावर बसून शिकावी लागली. २०२२ साली माझ्या भाच्याच्या मित्रमंडळाला जग सांभाळणारे कोणी उरले नव्हते. “मावशी, तू इतकी वर्षे कादंबऱ्या शिकवतेस, एक जग तुला जड आहे का?” असे म्हणून त्याने मला ओढले. मी अभ्यासाला लागले. निवड केली ती ‘फरगॉटन रिल्म्स’च्या १९८७ च्या मूळ संचाची. एड ग्रीनवुड या कॅनडातील लेखकाने बालपणापासून मनात बाळगलेले हे जग. ते पुढे टीएसआर या प्रकाशनसंस्थेने दोन पुस्तिका आणि मोठे नकाशे यांच्या रूपात प्रसिद्ध केले. मी ते संशोधनाच्या शिस्तीने वाचले. नगरे, देवता, घराणी, संघटना यांची कार्डे केली. शॅडोडेल या खेड्यातील खाणावळ कोणती आणि ती चालवते कोण, हे मला तोंडपाठ होते.

पहिली बैठक तीन तास चालली आणि त्यांतील बहुतेक वेळ मी बोलत होते. मुले सौजन्याने ऐकत होती. तासाला बसावे तशी बसली होती. शॅडोडेलात एल्मिन्स्टर नावाचा अतिशय सामर्थ्यवान वृद्ध जादूगार राहतो, हे मी बरेच रंगवून सांगितले. त्यावर भाच्याच्या एका मैत्रिणीने विचारले, “मावशी, एवढा मोठा माणूस गावातच राहतो, तर आम्ही कशाला जायचे?” या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की तो अधिक महत्त्वाच्या कामांत गुंतलेला असतो. मीही तेच दिले, आणि देतानाच मला त्याचा अर्थ कळला. तुमचे काम महत्त्वाचे नाही, असे मी त्या मुलांना सांगत होते. थोड्या वेळाने दुसऱ्याने विचारले, की ओढ्यापलीकडच्या दोन शेतकऱ्यांचे भांडण असेल तर निवाडा कोण करतो आणि तो न मानल्यास काय होते. माझ्या कार्डांत याचे उत्तर नव्हते. खाणावळीचे होते.

आता थोडे माझ्याविषयी, कारण मुद्दा तेथूनच जातो. माझा पीएच. डी.चा प्रबंध ग्रामीण कादंबरीतील स्थलचित्रणावर आहे. तपशिलाची घनता हे स्थळाच्या सजीवतेचे गमक होय, असे विधान मी त्यात केले होते आणि त्याच्या आधारावर काही कादंबऱ्यांना वरचे, काहींना खालचे स्थान दिले होते. त्या रात्री हे विधान पहिल्यांदा डळमळले. माझ्याजवळ तपशील भरपूर होता आणि गाव मेलेले होते. कादंबरीत जो तपशील एखाद्या पात्राच्या वाट्याला येऊन जिवंत होतो तो येथे कोणाच्याच वाट्याला आलेला नव्हता. मी तो नुसता वाटत होते.

भाच्याने मग मला ‘हार्न’ आणून दिले. एन. रॉबिन क्रॉस्बी यांचे हे काम, १९८३ साली कोलंबिया गेम्सने प्रसिद्ध केलेले. हार्न हे एक बेट. पुस्तकाचा गाभा म्हणजे एक नकाशा आणि वर्णानुक्रमाने लावलेला कोश. वाचनीयतेच्या दृष्टीने ते रुक्ष आहे, आणि पहिल्या वाचनात मला ते एखाद्या जिल्ह्याच्या गॅझेटियरसारखे वाटले. परंतु त्या भांडणाचे उत्तर त्यात होते. कोणत्या जमिनीवर कोणाचा अधिकार, तो कोणाकडून मिळालेला, त्याबद्दल काय देणे लागते, हे सूत्र राजापासून कुळापर्यंत सलग जाते. पुढच्या पूरक पुस्तिकांत तर एकेका गावातील कुटुंबे आणि त्यांची जमीन मोजलेली आहे. आमच्या मुलांना हे समजावून सांगावे लागले नाही. ज्याच्या घरी सातबाऱ्यावरून दोन काका बोलत नाहीत, त्याला सरंजामी व्यवस्था कळायला वेळ लागत नाही.

त्याहून मोठी गोष्ट कालाची आहे. हार्नमधील सर्व माहिती तेथील कालगणनेच्या ७२० या वर्षाच्या आरंभापर्यंतच दिलेली आहे, आणि त्यापुढील घटना कधीच प्रसिद्ध करावयाच्या नाहीत असे धोरण आहे. क्रॉस्बी २००८ साली निवर्तले. बेट अजून त्याच वर्षाच्या उंबरठ्यावर उभे आहे. कॅल्डॉर नावाच्या राज्यातील राजा मिगिनाथ वृद्ध आहे, त्याला औरस वारस नाही, गादीवर हक्क सांगू शकणारे अनेक आहेत, त्यांची बळे आणि नातीगोती पुस्तकात तपशीलवार येतात. राजा केव्हा मरतो आणि पुढे कोण बसतो, हे पुस्तक सांगत नाही. सांगणारही नाही. साडेतीनशे पानांची कादंबरी ज्या प्रसंगापाशी येऊन उलगडली असती तो प्रसंग या पुस्तकाने लिहिलाच नाही, आणि त्याच्या अलीकडचे मात्र सर्व लिहिले.

येथे वाचकाला इनगार्डन आणि इझर यांची आठवण होणे साहजिक आहे. साहित्यकृतीतील अनिर्धारित स्थाने, वाचकाने भरावयाच्या रिक्त जागा, हा विचार आपण वर्गांत वर्षानुवर्षे शिकवतो. मीही प्रथम समाधानाने म्हटले की हे तेच आहे. नंतर लक्षात आले की तसे नाही. इझरच्या वाचकाने जागा भरली तरी संहिता जशीच्या तशी राहते. दुसरा वाचक तीच जागा वेगळी भरतो आणि पहिल्याच्या भरण्याला बांधलेला नसतो. एकाच वाचकाने दुसऱ्या वाचनात आपलेच भरणे बदलले तरी त्याला कोणी जाब विचारत नाही. टेबलावर मात्र जे भरले ते त्या क्षणापासून तेथील संहितेचा भाग होते आणि बसलेल्या साऱ्यांना बांधते, जग सांभाळणाऱ्यालाही. आमच्या खेळात तिसऱ्या महिन्यात मिगिनाथ वारला. त्यानंतर तो वारलेला आहे. मला वाटले म्हणून त्याला परत आणता येत नाही. आपल्या वाचनमीमांसेत या बंधनासाठी संज्ञा नाही, कारण तिचा वाचक एकटा आहे.

मग खरी सेटिंग म्हणजे मोकळी जागा ठेवणारे पुस्तक, इतके म्हटले म्हणजे झाले का? तेवढ्याने होत नाही. फरगॉटन रिल्म्सच्या त्याच मूळ संचात सेम्बिया नावाचा प्रदेश जग सांभाळणाऱ्यांसाठी मुद्दाम मोकळा सोडला होता. हेतू उदार, पण मोकळी जागा म्हणजे कोरी जागा असा त्यात समज दिसतो. कोरा कागद तर प्रत्येकाच्या घरी असतोच. त्यासाठी पुस्तक कशाला विकत घ्यावे? (पुढे कादंबऱ्यांनी सेम्बियाही भरून टाकला, हा आणखी एक भाग.) उलट गायगॅक्स यांचे १९८० चे ‘वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक’ पाहा. पातळसे पुस्तक आणि डार्लीन या चित्रकर्तीने काढलेला भव्य नकाशा. एकेका राज्याला जेमतेम परिच्छेदभर जागा: शासक कोण, लोकसंख्या किती, साधनसंपत्ती कोणती. कोरडीच माहिती, परंतु शेजारचे राज्य काय करू पाहते हे कळते आणि दोन नोंदी शेजारी ठेवल्या की त्यांच्यामध्ये ताण उभा राहतो. तो ताण सोडवलेला नाही. माझ्या मते कस लावावयाचा तो येथे: पुस्तकातील एखादी गोष्ट टेबलावर बदलली, तर तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या कोणत्या गोष्टी हलतील हे ते पुस्तक आपल्याला सांगू शकते का? शॅडोडेलची खाणावळ जळाली तर काय हलते? माझ्या कार्डांनुसार काहीच नाही. कॅल्डॉरचा राजा मेला तर अर्धे बेट हलते.

या कसोटीला लेखकाचे परत येणे सर्वांत घातक ठरते. ‘डार्क सन’ ही १९९१ ची सेटिंग मला या दृष्टीने शोकात्म वाटते. अथास हे वाळवंटी जग. जादूच्या वापराने तेथील जमिनीचे सत्त्व गेलेले. उरलीसुरली नगरे जादूगार-राजांच्या मुठीत. कल्पना इतकी नेमकी, की कोणताही खेळाडू पहिल्या तासात विचारतो: या राजांना उलथवता येईल का? उत्तर त्याच वर्षी एका कादंबरीने दिले. सेटिंगच्या दोन रचनाकारांपैकी एक, ट्रॉय डेनिंग, यांनी कादंबऱ्यांची मालिका लिहिली आणि टायर नगराचा राजा कलक पहिल्याच कादंबरीत मारला गेला. खेळाडूंसाठी निघालेल्या पहिल्या साहसात ते त्या प्रसंगी हजर असतात. निर्णायक घाव मात्र कादंबरीतल्या नायकांचा. १९९५ च्या सुधारित आवृत्तीने कादंबऱ्यांतील घटना अधिकृत इतिहास म्हणून स्वीकारल्या, तोवर आणखीही राजे पडले होते. मुलुखातला प्रश्न सुटला आणि मुलुखाची पार्श्वभूमी झाली. नव्वदच्या दशकातील या व्यवसायाची ही सार्वत्रिक खोड होती. कादंबऱ्या खपत होत्या, हे तिचे साधे कारण.

ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘ग्लोरान्था’ या जगाभोवतीच्या खेळाडूंनी या व्याधीला नावच दिले आहे. नव्या अधिकृत पुस्तकाने आपल्या टेबलावरचे काही खोटे ठरवले की ते म्हणतात, आपण ‘ग्रेग झालो’. त्यात तक्रार आहे तशी मायाही आहे. आणि स्वतः स्टॅफर्ड यांनीच प्रत्येकाचे ग्लोरान्था वेगळे असणार, हे सूत्र म्हणून मान्य केले होते. लेखकाने हक्क सोडला आहे हे जाहीर करणे आणि लेखक लिहीतच राहणे, या दोहोंतील हा विसंवाद त्यांच्या हयातीत, म्हणजे २०१८ पर्यंत, मिटला नाही. तो मिटावा असेही नाही.

मराठीच्या अभ्यासकाला या संदर्भात महानुभावांची ‘स्थानपोथी’ आठवल्यावाचून राहत नाही. दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही, आणि श्रद्धेच्या ग्रंथाची खेळाशी बरोबरी करण्याचाही हेतू नाही. रूपाचे साम्य मात्र विचार करावा असे आहे. कोणते गाव, देऊळ कोणत्या तोंडाचे, त्याच्या कोणत्या अंगाला स्वामींचे आसन झाले, असे ती पोथी सांगत जाते. प्रबंधाच्या वेळी मी तिला स्थलचित्रण म्हणून वाचले आणि चित्रणच नाही म्हणून बाजूला ठेवले. आता वाटते की ती बसून वाचणाऱ्यासाठी लिहिलेलीच नव्हती. तेथे चालत जाऊन नमस्कार करणाऱ्यासाठी ती लिहिली होती, आणि त्याला नदीकाठच्या संध्याकाळीची नव्हे, दिशेची गरज होती. हार्नचा कोश मला रुक्ष वाटला त्याच कारणाने ही पोथीही वाटली होती. दोन्ही वेळा चूक वाचणारीची.

शेवटी एका सेटिंगविषयी लिहिणे भाग आहे, तिने मला सर्वांत अस्वस्थ केले म्हणून. एम. ए. आर. बार्कर हे नाव मला खेळामुळे नव्हे, भाषाभ्यासामुळे माहीत होते. मॅगिल विद्यापीठातून १९६७ साली निघालेल्या उर्दूच्या पाठ्यपुस्तकाचे ते प्रमुख लेखक. बलुची भाषेवरही त्यांचे काम आहे. पुढे मिनेसोटा विद्यापीठात ते दक्षिण आशियाई भाषा शिकवीत. या प्राध्यापकांनी ‘टेकुमेल’ नावाचे जग रचले आणि १९७५ साली ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या नावाने ते खेळ म्हणून प्रसिद्ध झाले. त्यातील त्सोल्यानी भाषेला व्याकरण आणि लिपी आहे. युरोपीय मध्ययुगाची छाया त्यावर जवळजवळ नाही. दक्षिण आशिया आणि मध्य अमेरिका यांच्या प्राचीन संस्कृतींचे स्मरण आहे. इतके परके जग खेळाडूला कसे कळावे, हा प्रश्न त्यांनी फार सुंदर सोडवला. खेळाडूंची पात्रे परदेशी रानटी म्हणून जकाल्ला बंदरात उतरतात, परकीयांच्या वस्तीबाहेर त्यांना मुक्त वावर नसतो, आणि कोणा आश्रयदात्याचे काम करीत करीत ती समाजात शिरतात. खेळाडूचे अज्ञान हेच पात्राचे अज्ञान. मी वर मांडलेल्या कसोटीवर हे पुस्तक पहिल्या क्रमांकाने उतरते.

बार्कर २०१२ साली वारले. १९९१ साली टोपणनावाने प्रसिद्ध झालेली एक नवनाझी कादंबरी त्यांचीच होती, हे त्यांच्या वाङ्मयीन वारशाची व्यवस्था पाहणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननेच २०२२ च्या मार्चमध्ये मान्य केले. ज्यूंच्या संहाराचा इन्कार करणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावर ते होते, हेही त्याबरोबर पुढे आले. लेखकाने हक्क सोडलेला मुलूख तो खरा मुलूख, असे मी मानत आले, तर चाळीसेक वर्षे जे लोक टेकुमेलमध्ये राहिले त्यांच्या टेबलांवर घडलेले बार्कर यांचे नाही. सिद्धान्त मला असे म्हणू देतो. पण ज्या समाजरचनेत ती टेबले खेळली, तिच्यातील कुळांची उतरंड, गुलामगिरी, प्रतिष्ठेची मोजमापे कोणी आणि कोणत्या मनाने आखली, हा प्रश्न ‘लेखकाचा मृत्यू’ म्हणून बाजूला सारता येत नाही. मुलूख आखणाऱ्याने उतार ठरवलेले असतात. पाणी कोणीही ओतले तरी ते त्या उतारानेच जाते. आमच्या गटात मी हे सारे सांगितले. दोघांना तरीही खेळावेसे वाटले, दोघांना नाही. आम्ही खेळलो नाही. पुस्तक माझ्या कपाटात आहे.

गेल्या दिवाळीत तो विद्यार्थी भेटला. तो आता कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. त्याचे ते टिपण मी परत केले ही माझी चूक होती, असे मी त्याला सांगितले आणि ते त्याच्याकडे असल्यास पाहावयास मागितले. त्याने ते केव्हाच टाकून दिले होते. मी हार्न चालवते हे कळल्यावर मात्र तो खुर्ची पुढे ओढून बसला आणि त्याने विचारले, “मॅडम, कॅल्डॉरच्या गादीवर कोण आले?” मी नाव सांगितले, तह कसा झाला आणि कोणाला जमिनी द्याव्या लागल्या तेही सांगितले. तो लक्षपूर्वक ऐकत होता. मग म्हणाला, “आमच्याकडे वर्षभर गादी रिकामीच राहिली.”